घासलेटचा दिवा, डायनॅमो आणि ए. बी. रोड

मागच्या आठवड्यात माळा आवरताना आजोबांच्या सायकलचा दिवा हाती लागला. पितळी, पुढे जाड भिंग, एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला हिरवी काच, खाली घासलेटची डबी. नातू तेरा वर्षांचा. त्याने उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "आजोबा, याचा स्विच कुठेय?" मग वात, काडेपेटी, काजळी असा सगळा पाठ झाला. तो संपल्यावर पठ्ठ्याने मुद्द्याला हात घातला. क्लासला सायकलने जाऊ का? क्लास ए. बी. रोडच्या पलीकडे. सूनबाई म्हणाली, "अजिबात नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण या घरात सायकलचा कैवारी मीच. मी गप्प बसलो. का बसलो, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्या गावाच्या दोन पात्या सगळ्यांना ठाऊक आहेत. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदली. मुख्य रस्त्याची एक बाजू एकाची, समोरची दुसऱ्याची. पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थासुद्धा दोन्हीकडे वेगवेगळी. इंग्रज लेखक फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्याचं 'द हिल ऑफ देवी' १९५३ साली आलं, ते याच गावावर. आमचे आजोबा त्याच पातीत कारकून. ते सांगायचे की रात्री कचेरीतून परतताना रस्त्याचा एक काठ उजळलेला असायचा आणि दुसरा काळोखात, म्हणून सायकलला स्वतःचा दिवा हवाच. बिनदिव्याच्या सायकलवाल्याला एका पातीच्या शिपायाने हटकलं तर तो हँडल वळवून समोरच्या राज्यात जायचा, अशीही एक कथा ते रंगवून सांगत. खरी किती, देव जाणे.

१९०१ च्या जनगणनेत देवासची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास होती. एवढ्याशा गावात सायकलवाल्याला भीती कसली? मोकाट बैलाची, पावसाळ्यातल्या खड्ड्याची आणि टेकरीवरून उतरणाऱ्या यात्रेकरूंच्या घोळक्याची. रस्त्यावरचं सगळ्यात वेगवान वाहन म्हणजे तुम्हीच. त्यामुळे सांभाळून चालवण्याची जबाबदारीही तुमचीच, आणि ती न्याय्य होती.

माझ्या लहानपणीपर्यंत, म्हणजे साठच्या दशकापर्यंत, हेच चालू होतं. आम्ही दांडीखालून पाय घालून, कैंची मारत शिकलो. डबलसीट दिसली किंवा रात्री दिवा नसला की पोलीस चाकाची हवा काढायचा, मग सायकल ढकलत घर आणि घरी वेगळा प्रसाद. माताजीच्या टेकरीच्या पायथ्याशी कुमारजींच्या 'भानुकुल'वरून जाताना घंटी वाजवायची नाही, हा आमच्या आईचा खास नियम. मोटार वाहन कायद्यापेक्षा तो आम्ही जास्त पाळला.

मग कारखाने आले. १९७४ साली बँक नोट प्रेस झाली, इतर कारखाने तर त्याच्या आगेमागे येतच होते. गावाला पगार मिळाला हे खरंच, मी बी. कॉम. होऊन १९७३ साली बँकेत लागलो, ती खाती याच पगारांची. पण कामावर जायचं ते ए. बी. रोडने. हा आग्रा-मुंबई रस्ता, तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग ३, गावाला चिकटूनच जातो. पाळी सुटली की शेकडो सायकली एकदम त्या रस्त्यावर यायच्या, त्यांच्याच अंगावरून इंदूर-ग्वाल्हेरकडचे ट्रक. बायपास नव्हता. सायकलसाठी वेगळी पट्टी कुणाच्या मनातही नव्हती. रस्ता बदलला, पण सल्ला आजोबांच्या वेळचाच राहिला: सांभाळून जा.

१९७९ च्या पावसाळ्यात माझा थोरला भाऊ, दादा, दुसरी पाळी करून घरी येत होता. त्याच्या सायकलला डायनॅमो होता. ज्यांनी वापरलाय त्यांना आठवत असेल, बाटलीसारखं ते यंत्र टायरला घासतं आणि चाक फिरेपर्यंतच दिवा लागतो. सायकल थांबली की अंधार. दादाची साखळी उतरली, तो रस्त्याच्या कडेला थांबला, खाली बसून साखळी चढवू लागला. दिवा विझलेला, मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. ट्रकने त्याला पाहिलंच नसावं. थांबला मात्र नाही. मागून येणाऱ्या कामगारांनी दादाला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण तीन इंच आखूड झाला. दादा वर्षभर घरी होता आणि घरात येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचा: "जरा बाजूला थांबायला हवं होतं." तो बाजूलाच थांबला होता.

आता बँकेची एक गोष्ट. ही मी आजवर घरीही सांगितलेली नाही.

१९८४ च्या सुमारास मी ठेवींच्या टेबलावर होतो. मृत खातेदाराचे वारस-दावे माझ्याकडे यायचे. एक बाई आली, कडेवर मूल, हातात नवऱ्याचं पासबुक. तो पाळीवर सायकलने जाताना गेला होता, गाडीचा पत्ता लागला नव्हता. खात्यात अकराशे आणि काही रुपये. फॉर्म भरून घेतला, अंगठा घेतला, दोन साक्षीदार झाले. जाताना तिने विचारलं, "साहेब, गाडीवाल्याकडून काही मिळतं का?" मी म्हणालो, गाडीच सापडली नाही तर कोणाकडून मिळणार?

माझं उत्तर चूक होतं. १९८२ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अशाच, न सापडलेल्या गाडीच्या अपघातांसाठी निधी ठेवला गेला होता. मृत्यूला पाच हजार, गंभीर दुखापतीला एक हजार. तिच्या घराला पाच हजार म्हणजे जवळजवळ वर्षाचा पगार. मला हे कळलं त्यानंतर दहाएक वर्षांनी, दुसऱ्याच कामाचे कागद वाचताना. व्याजाच्या हिशेबात एक पैसा चुकला तर रात्री नऊपर्यंत बसून शोधणारा मी, या बाबतीत न वाचताच बोललो. तिचं गाव पासबुकावर होतं, पण तोवर माझी बदली झाली होती आणि तो कागद कुठे गेला कोण जाणे.

म्हणून हे आकडे इथे लिहून ठेवतो. १९८८ च्या नव्या कायद्यात मृत्यूची रक्कम साडेआठ हजार झाली, १९९४ ला पंचवीस हजार. पंचवीस हजारांवर ती तब्बल अठ्ठावीस वर्षं खिळून राहिली! १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये आहेत. अर्ज तहसीलदार किंवा एस. डी. एम. कडे करायचा. पोलिसांत नोंद झालेली असणं फार महत्त्वाचं, म्हणून "गाडी कुठे सापडणारे" म्हणून रिपोर्ट टाळू नका. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं आता सायकलने जात नाहीत. पण दूधवाला जातो, स्वयंपाकाच्या बाईंचा नवरा जातो, सरकारी शाळेत मिळालेल्या सायकलवर खेड्यातल्या मुली रस्त्याच्या काठाकाठाने येतात. त्यांच्या घरी हे कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

माझी मुलगी हॉलंडमध्ये आइंडहोवनला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा सातवीतली पोरं एकटी सायकलने शाळेत जाताना पाहिली आणि वाटलं, यांचं रक्तच वेगळं. तसं काही नाही. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांच्या हत्या थांबवा' असं चळवळीचं नावच ठेवलं, तेव्हा कुठे वेगळ्या वाटा झाल्या. आपल्याकडे 'सांभाळून जा' म्हणून मोकळे होतात. मीही दादाला हॉस्पिटलात तेच म्हणालो होतो, त्याची लाज आजही वाटते.

पण नातवाला उत्तर द्यायचं होतं. इथे वाटा होईपर्यंत त्याचा क्लास थांबणार नाही.

रविवारी सकाळी सहाला आम्ही दोघं निघालो, तो त्याच्या सायकलवर, मी माझ्या जुन्या अ‍ॅटलसवर. थेट रस्ता सोडून गल्ल्यांतून गेलो. आठ मिनिटं जास्त लागली. उभ्या मोटारींपासून एक हात सोडून चालवायचं, कारण दार कधी उघडेल याचा नेम नाही, हे त्याला पटलं. ट्रकच्या डाव्या अंगाला शिरायचं नाही, डावीकडे वळताना ड्रायव्हरला आपण दिसतच नाही, हे मी त्याला एका उभ्या ट्रकशेजारी नेऊन, आरसा दाखवून समजावलं. ड्रायव्हर खाली उतरून हसला आणि त्याला आपल्या सीटवरही बसवलं. वरून पाहिल्यावर पोरगं म्हणालं, "आजोबा, तुम्ही खरंच दिसत नाही."

ए. बी. रोडला मात्र अडलो. दुभाजकातली मोकळी जागा लांब, म्हणून अर्धे सायकलवाले उलट्या दिशेने येत होते. पूर्वी मी त्यांना शिव्या घालायचो. त्या दिवशी अंतर मोजलं: सरळ जायचं तर जाऊन-येऊन दीड किलोमीटरचा वळसा. आम्ही तो वळसा घातला, सिग्नलला उतरलो आणि सायकली हातात धरून रस्ता ओलांडला. तरी एक मोटारसायकल आमच्या पुढच्या चाकाला चाटून गेली. नातू काही बोलला नाही. मीही.

सूनबाईने अजून हो म्हटलेलं नाही. पुढचे चार रविवार मी बरोबर जायचं आणि मग ठरवायचं, इथवर आली आहे. सायकलला मागे लाल दिवा बसवून घेतलाय, बॅटरीवर चालणारा, सायकल थांबली तरी लुकलुकत राहतो. दादा आता पुण्याला मुलाकडे असतो. त्याला फोनवर दिव्याचं कौतुक सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे रे. आधी साखळी घट्ट करून घे."