कुरूप काट्याचं की चपलेचं?

कुरूप झालं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "काटा कधी मोडला होता गं?" हा समज फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत या दुखण्याला 'कदर' म्हटलंय. खडे टोचून किंवा काट्यानं पाय दुखावला की बोराएवढी कठीण गाठ होते, असं त्यात आहे. उपाय काय, तर ती कापून काढायची आणि तापल्या तेलानं डागायचं. आपल्या आज्या बिब्ब्याचा चटका द्यायच्या, तो याच वाटेवरचा.

काटा निमित्त होतो, पण कुरूप वाढतं दाबानं. एकाच जागी रोज दाबलं, घासलं की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते. मग तिचा कठीण खुंट आत रुततो आणि चालताना खडा टोचल्यासारखं होतं. वरचं कापलं आणि दाब तसाच राहिला, तर ते परत येतं.

आमच्या परंड्याच्या किल्ल्याचा इतिहास सगळे सांगतात, तोफाही दाखवतात. बायांच्या पायांचा कुणी लिहिला नाही. गावातल्या कारागिरानं शिवलेली जाड वहाण घरात असली, तर ती बहुतेक कारभाऱ्याची. बाईनं थोरांपुढं चप्पल घालणं म्हणजे उद्धटपणा. दलित माणसांना तर कितीतरी गावांत वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. पायात काय असावं हे गरजेवर नव्हे, मानावर ठरायचं. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बाया दुष्काळी कामांवर खडी फोडायला, माती वाहायला गेल्या. डोक्यावर पाटी, खाली दगड.

पुढं रबर-प्लास्टिकची स्वस्त चप्पल आली. काटे टळले, ही मोठीच गोष्ट. पण तळ पातळ नि टोक निमुळतं असलं, की करंगळीवर कुरूप उठतं.

एक गोष्ट तमिळनाडूतल्या वेल्लोरची. डॉ. पॉल ब्रँड यांनी तिथं कुष्ठरोगात बधिर झालेले पाय तपासले. या पायांच्या जखमा बहुतेक न जाणवणाऱ्या दाबानं होतात, हे त्यांनी दाखवलं. अशा पायांसाठी मऊ एमसीआर रबराच्या चपला वापरात आल्या. कुष्ठरोग कार्यक्रमात त्या आजही देतात.

हे आम्ही का सांगतोय? साखरेच्या आजारातही पाय असेच बधिर होतात. कुरुपाखाली जखम झाली तरी कळत नाही. साखर असलेल्या बाईनं ब्लेड, बिब्बा, मेडिकलमधली कुरुपाची पट्टी, यातलं काहीच लावू नये. पट्टीतलं आम्ल चांगली कातडीही खातं. सरळ दवाखाना गाठावा, आणि पाय रोज बघावा. तळवा दिसत नसेल तर सुनेला, लेकीला बघायला सांगावं.

साखर नसेल, तर पाय कोमट पाण्यात भिजवून वजरी हलक्या हातानं फिरवा, मग तेल लावा. चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. कागदावर उभं राहून पाय पेन्सिलीनं आखा, तो कागद दुकानात न्या आणि चप्पल त्यावर ठेवा. पायाची रेघ चपलेबाहेर दिसली, तर दुसरी मागा.