अनुदान आणि अट

'अनुदान' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे हात पसरून उभा असलेला मनुष्य येतो. देणारे सरकार, घेणारा याचक, आणि मिळेल ते मुकाट्याने घ्यावे, अशी समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. आम्हांस ती मान्य नाही. सरकारी तिजोरीतला पैसा हा अखेर कुणाच्या तरी श्रमाचाच पैसा असतो. तेव्हा अनुदानाचा इतिहास दातृत्वाचा म्हणून न वाचता अटींचा म्हणून वाचावा, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे. धन कोठून आले, कुणाला वगळले आणि निर्णयाच्या बैठकीत कोण बसले, हे तीन प्रश्न विचारीत गेले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो.

हा इतिहास अमेरिकेत विशेष स्पष्ट दिसतो. त्या देशाच्या राज्यघटनेने शिक्षणाचा कारभार मध्यवर्ती सरकारकडे सोपविलेला नाही. तो घटक राज्यांचा. मध्यवर्ती सरकारला राज्यांच्या शाळांवर हुकूम सोडता येत नाही; पण पैसा देता येतो, आणि पैशासोबत अट घालता येते. अनुदान हाच तेथे सरकारचा हुकूम झाला.

या कथेतला पहिला मोठा पुरुष म्हणजे व्हरमाँट राज्याचा जस्टिन मॉरिल. लोहाराचा मुलगा, पंधराव्या वर्षी शाळा सुटली, दुकानात कारकुनी केली, महाविद्यालयाची पायरी कधी चढला नाही. शेतकरी व कारागिरांच्या मुलांसाठी उच्च शिक्षण हवे, असा त्याने ध्यास घेतला. त्याच्या पहिल्या विधेयकावर 1859 साली राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नकाराधिकार वापरला. पुढे यादवी युद्ध पेटले, विरोध करणारे दक्षिणेचे प्रतिनिधी विधिमंडळ सोडून गेले, आणि 2 जुलै 1862 रोजी लिंकन यांनी कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या दर प्रतिनिधीमागे व दर सिनेटरमागे 30,000 एकर सरकारी जमीन मिळाली. ती विकून स्थायी निधी उभारावा आणि त्याच्या व्याजावर शेती व यंत्रविद्या शिकविणारे महाविद्यालय चालवावे, ही अट. कॉर्नेल विद्यापीठ याच अनुदानावर उभे राहिले आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेलाही त्यातला वाटा मिळाला.

आता पहिला प्रश्न विचारू: ही जमीन कुणाची? ती होती तेथल्या मूळ रहिवाशांची, करारांनी, दडपणाने आणि बळजोरीने घेतलेली. एकाच्या मुलांची शाळा दुसऱ्याच्या शिवारावर उभी राहिली. त्या मूळ जमातींच्या 29 महाविद्यालयांना या योजनेत स्थान मिळाले ते 1994 साली, म्हणजे 132 वर्षांनी. दुसरा प्रश्न, वगळले कुणाला? 1890 च्या दुसऱ्या कायद्याने असे ठरविले की वर्णभेद करणाऱ्या महाविद्यालयाला पैसा मिळणार नाही. पण काळ्यांसाठी निराळे महाविद्यालय काढले तर चालेल! दक्षिणेतील राज्यांनी ही पळवाट धरली आणि निराळ्या महाविद्यालयांना पैसा देताना वर्षानुवर्षे हात आखडला.

तरीही या बीजाचे मोल कमी नाही. आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे ऑरेगॉन राज्यात अशाच एका कृषी महाविद्यालयात शिकले आणि पुढे मेक्सिकोत त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. 1968 साली राहुरीस जे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्यामागेही हाच नमुना होता: शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत विस्तार, तिन्ही एका छत्राखाली.

कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष 1917. त्या वर्षी स्मिथ-ह्यूज कायद्याने धंदेशिक्षणासाठी अनुदान सुरू झाले. तत्पूर्वी कामगार संघटनांना अशा शाळांचा धाक वाटे. मालकांनी चालविलेल्या शाळांतून स्वस्त मजूर आणि संपफोडे तयार होतील, ही भीती अगदीच निराधार नव्हती. संघटनांनी मग धंदेशिक्षणाला नकार देण्याऐवजी ते सार्वजनिक नियंत्रणाखाली असावे, असा आग्रह धरला. कायद्यात तसेच झाले. पैसा सार्वजनिक देखरेखीखालील शाळांनाच. मध्यवर्ती सरकारच्या प्रत्येक डॉलरला स्थानिक किंवा राज्याचा एक डॉलर. आणि देखरेखीच्या सात जणांच्या मंडळात कारखानदारीचा एक, शेतीचा एक, तसा कामगारांचाही एक प्रतिनिधी. ही एक खुर्ची मागून मिळालेली नव्हती, ती वर्षांच्या झगड्याने मिळाली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944 साली, परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा झाला. शिक्षण-शुल्कासाठी वर्षाला 500 डॉलरपर्यंत आणि निर्वाहासाठी एकट्याला महिना 50 डॉलर. 78 लाख माजी सैनिकांनी त्याचा लाभ घेतला. लोक महाविद्यालयांत गेलेल्या 22 लाखांचीच कौतुके सांगतात. पण 35 लाख इतर शाळांत गेले आणि 14 लाख प्रत्यक्ष कामावर हुन्नर शिकले. काळ्या सैनिकांना मात्र कायद्याने दिलेले हक्क स्थानिक अधिकाऱ्यांच्या दारी बहुतेकदा अडकून पडले. शिवाय पैशाच्या वासाने रातोरात शाळा निघाल्या. सरकारी चौकशी झाली आणि 1952 च्या कायद्याने पैसा शाळेऐवजी थेट सैनिकाच्या हाती देण्यास सुरुवात झाली. आमच्या कामात आम्हीही अशी केंद्रे पाहिली आहेत, जेथे प्रमाणपत्र मिळते आणि लेथ फक्त भिंतीवरील चित्रात असते! म्हणून हा धडा आम्हांस परका वाटत नाही.

संशोधनाच्या अनुदानातही हाच झगडा झाला. सिनेटर किलगोर म्हणत, जनतेच्या पैशातून निघालेला शोध जनतेच्या मालकीचा असावा. शास्त्रज्ञ व्हॅनिव्हर बुश यांना शास्त्रज्ञांच्या हाती कारभार हवा होता. 1947 चे विधेयक राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी फेटाळले, कारण त्यात संस्थेचा प्रमुख लोकनियुक्त सत्तेला जबाबदार नव्हता. तडजोडीने 1950 साली राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान जन्मले. 1980 च्या कायद्याने मात्र सरकारी पैशातून निघालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना आणि छोट्या उद्योगांना ठेवता येऊ लागली.

प्रशिक्षणाचा पुढचा प्रवासही असाच चढउताराचा. यंत्रांनी काम हिरावलेल्यांसाठी 1962 साली जो कायदा झाला, त्यात शिकत असताना पोटाला भत्ता होता. 1982 च्या कायद्याने त्या भत्त्यावर कडक मर्यादा घातली आणि स्थानिक मंडळांत उद्योगपतींना बहुमत दिले. 2014 च्या कायद्यातही ते बहुमत कायम राहिले. कामगारांच्या बाजूला किमान 20 टक्के जागा मिळाल्या. रिकाम्या पोटी कोणी फिटर होत नाही, हे ज्यांनी भत्ता छाटला त्यांना ठाऊक नसावे असे नाही. बैठकीत ते बोलून दाखविणारा कोणी नव्हता किंवा अल्पमतात होता.

आणि जे अटीवर मिळते ते अट बदलून काढूनही घेता येते. 2025 साली त्या देशात अनेक संशोधन-अनुदाने मुदतीपूर्वीच रद्द झाली आणि प्रयोगशाळेतल्या तरुणांपासून विद्यापीठांपर्यंत सर्वांना न्यायालयांची दारे ठोठवावी लागली.

असो. आपल्याकडेही कौशल्याच्या आणि शिक्षणाच्या योजना येतात, जाहिराती झळकतात. त्यांची टवाळी करू नये. कारण गरीबाच्या मुलाला तेवढाच दरवाजा असतो. पण योजनेचे कागद मागावेत. पैसा कुणाला मिळतो, शाळेला की शिकणाऱ्याला? स्त्रिया, भटके, कंत्राटी कामगार यांना अर्ज करता येतो का? देखरेखीच्या समितीत आपला माणूस आहे का? नसेल तर ती जागा मागावी. मॉरिल लोहाराचा मुलगा होता आणि त्याने एका नकारानंतर पुन्हा विधेयक मांडले, एवढे ध्यानात ठेवले तरी आजच्या सायंकाळचे सार्थक होईल.