आत्म्याची पारख कोणी करायची?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एका खेड्यात माझी थोरली मावशी राहते. आमचे घर १९५६ नंतर बौद्ध झाले. मावशीला जिथे दिले ते घर त्याच्या दोन पिढ्या आधीच ख्रिस्ती झालेले होते. एकाच महारवाड्यातून निघालेल्या या दोन वाटा. मावशीला बरीच वर्षे साखरेचा आजार. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एका परगावच्या प्रचारकाची सभा भरली. त्याने डोळे मिटले आणि जाहीर केले, की प्रभूने मला आत्ताच दाखवले आहे, इथे एक बाई बसली आहे, तिच्या पायाला जखम आहे, ती आजपासून बरी झाली. आता गोळी खाणे म्हणजे अविश्वास. मावशीने गोळ्या बंद केल्या. पुढे पायाचा अंगठा काळा पडला आणि काढावा लागला.

मी भेटायला गेलो तेव्हा तिने विचारले, “लेका, तू शिकलेला हायेस. मला एवढंच सांग, त्याला देव बोलला व्हता का नव्हता?”

माझ्यासारख्या आंबेडकरवादी माणसाच्या ओठांवर उत्तर तयार होते: देवच नाही, तर बोलणार कोण? पण ते मी गिळले. मावशी देवाच्या अस्तित्वावर वाद घालत नव्हती. खरे-खोटे कशावरून ठरवायचे, ते तिला हवे होते. आणि हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात आजचा नाही. त्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो तपासला पाहिजे, कारण पारख करण्याचा अधिकार त्या इतिहासात कधी आमच्या हाती आलाच नाही.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले. ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ साली इथूनच निघाले. १८५० च्या दशकात नगरच्या आसपासच्या खेड्यांत महारांच्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहू लागल्या. पुढे मांगही आले. थोडे ब्राह्मणही ख्रिस्ती झाले. आता या दोन प्रकारच्या धर्मांतरांकडे समाजाने कसे पाहिले ते पाहा. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की त्याच्या मनात काय घडले, त्याने कोणते ग्रंथ वाचले, त्याला कोणते स्वप्न पडले, याची चरित्रे लिहिली गेली. महार ख्रिस्ती झाला की त्याच्या पोटात काय होते तेवढेच विचारले गेले. दुष्काळातला ख्रिस्ती, तांदळाचा ख्रिस्ती, ही दूषणे त्याच्या वाट्याला आली. १८७६ च्या मोठ्या दुष्काळापूर्वी वीस वर्षे ज्या मंडळ्या उभ्या होत्या, त्यांना कोणत्या दुष्काळाने ख्रिस्ती केले, हे मात्र कोणी सांगत नाही. साक्षात्कार हासुद्धा वरच्या जातींचा वतनी हक्क ठरला!

या संदर्भात नारायण वामन टिळकांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. जन्म १८६१, चित्पावन ब्राह्मण. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला मिशनच्या कामात आले. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. ख्रिस्ताने आपल्याला प्रत्यक्ष हाक दिली आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. ते ख्रिस्ती संन्यासी झाले, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ साली ते वारले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

टिळकांची ती हाक खरी होती का? त्यांच्या मनात कोण डोकावणार? पण एक बाब उघड दिसते. या हाकेने त्यांचा पगार गेला आणि अधिकार सुटला. दुसऱ्या कुणाचे ताट त्यांनी ओढले नाही. ज्या साक्षात्काराची किंमत ज्याला तो झाला त्यानेच मोजली, त्याच्याकडे निदान आदराने पाहता येते. मावशीच्या सभेतला साक्षात्कार प्रचारकाला झाला आणि किंमत मावशीच्या पायाने मोजली.

मला मात्र टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचा अनुभव जास्त महत्त्वाचा वाटतो. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही सोवळे सांभाळून होत्या. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी सांगितले आहे, की जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न एके दिवशी त्यांच्या मनात उभा राहिला. माणसाने केल्या, असे उत्तर मिळाले आणि त्यांचे सोवळे सुटले. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला. इथे आकाशवाणी झाली नाही, अंग थरथरले नाही. पण कोणाच्याही हातचे पाणी चालू लागले. आमच्या जिल्ह्यात घडलेला साक्षात्कार दाखवा असे कोणी म्हणाले, तर मी हे पाणी दाखवीन.

नगरच्या सीमेपलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात दुसरे केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळातून आणलेल्या मुली तिथे राहत होत्या. १९०५ च्या जूनअखेर तिथे मोठे धार्मिक संजीवन झाले. मुली रात्र रात्र रडत, मोठ्याने प्रार्थना करीत. पुढच्या वर्षी काहींच्या तोंडून अनोळखी भाषा निघू लागल्या. एका मुलीच्या अंगावर ज्वाला दिसली म्हणून सोबतची बाई पाण्याची बादली आणायला धावली, असा त्या रात्रीचा किस्सा सांगतात. पाणी घेऊन आली तेव्हा मुलगी भाजलेली नव्हती.

यावर टीका झाली. हा उन्माद आहे, हे शिस्तीला धरून नाही, असे काही मिशनरी म्हणाले. रमाबाईंची भूमिका विचार करण्यासारखी आहे. त्या स्वतः अनोळखी भाषा बोलल्याची नोंद नाही. पण हिंदी माणसांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे देवापुढे रडू द्या, हसू द्या, पाश्चात्त्यांच्या मापाने मोजू नका, असे त्यांनी बजावले. आणि हे चालू असताना सदनातली शेती, शाळा, छापखाना बंद पडला नाही. प्रार्थना आली म्हणून भाकरी गेली नाही. एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. त्या मुलींचे अनुभव आपण वाचतो ते रमाबाई आणि मिनी अब्राम्स यांच्या लेखणीतून. आत्मा मुलींवर आला, साक्ष दुसऱ्यांनी दिली.

टीकाकार मिशनरी ज्या मापाने मोजत होते ते माप आले कुठून? नगरचे मिशन अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचे. त्यांच्या परंपरेतला मोठा धर्मपंडित जोनाथन एडवर्ड्स. अशाच संजीवनाच्या काळात, १७४१ साली, त्याने खऱ्या आत्म्याची लक्षणे सांगणारा ग्रंथ लिहिला. रडणे, ओरडणे, कोसळणे यांवरून खरेही ठरत नाही आणि खोटेही ठरत नाही, हे त्याचे म्हणणे आजही पटण्यासारखे आहे. देवावर आणि माणसावर प्रेम वाढते का, हे त्याचे एक लक्षण. पण हा एडवर्ड्स स्वतः गुलाम बाळगून होता. १७३१ साली त्याने एक काळी मुलगी विकत घेतली होती. आत्म्याची कसोटी लिहिणाऱ्याच्या घरात विकत घेतलेले माणूस राबत होते आणि कसोटीला ते दिसले नाही!

१९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या गुलाम आईबापांच्या मुलाने चालवलेल्या सभांत काळे-गोरे एकत्र गुडघे टेकू लागले. ज्या गोऱ्या गुरूच्या वर्गात सेमूरला खोलीबाहेर बसून शिकावे लागले होते, तो चार्ल्स पार्हम तिथे आला आणि त्याने या सभांचा धिक्कार केला. त्याच्या निषेधात शास्त्र थोडे आणि वर्णद्वेष भरपूर होता. कोण कोणाला शिवतो, हे त्याला खुपले. ही भाषा आम्हाला ओळखीची नाही काय?

म्हणून मी म्हणतो, पारख करणाऱ्याचीही पारख केली पाहिजे. पारख करायचीच नाही, असा याचा अर्थ नव्हे. बायबलच सांगते की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. रोमच्या कॅथलिक चर्चने १७ मे २०२४ रोजी दर्शने आणि साक्षात्कार यांबद्दल नवे नियम काढले. एखादी घटना अलौकिक आहे असा निर्वाळा आता सहसा द्यायचा नाही, असे त्यात ठरले. पैशाचा मोह, बनवाबनवी यांकडे पाहायचे. साक्षात्काराच्या नावाने माणसावर हुकमत गाजवणे, त्याचे शोषण करणे, हे विशेष गंभीर मानायचे. हजारो वर्षांची संस्था इतकी सावध होते, मग पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या माझ्या मावशीने सावध का राहू नये?

आमच्या परंपरेत तर हे आधीच सांगितलेले आहे. जोतीराव फुल्यांनी नगरची मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली, मिशनऱ्यांकडून घेण्यासारखे घेतले. पण निर्मिकाने सारे सत्य एकाच ग्रंथात कोंडले, हे त्यांनी मानले नाही. १८९१ साली निघालेला ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ त्याची साक्ष आहे. बुद्धाने कालामांना सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. हिताचे की अहिताचे ते स्वतः पाहा. बुद्धाने साक्षात्कारी दूत असल्याचा दावा केला नाही, तो मार्गदाता राहिला, हे बाबासाहेबांनी आवर्जून मांडले.

या सगळ्यातून मला तीन प्रश्न मिळतात. या साक्षात्काराने कोण उभे राहिले आणि कोणाला वाकावे लागले? त्यावर प्रश्न विचारायची मुभा आहे का? आणि त्याची किंमत कोणाच्या अंगावर पडली? या तीन प्रश्नांना ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, बौद्ध असा भेद नाही. आमच्या विहारात कोणी चमत्कार सांगू लागला तर त्यालाही हेच विचारावे.

एक सावधगिरी मात्र घेतली पाहिजे. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुत्रा, साप, विंचू चावल्यावर उपचारापासून रोखणे त्यात गुन्हा आहे. साखरेच्या आजाराचे नाव त्यात नाही. कायदा सर्व धर्मांना सारखा आहे आणि तो सारखाच वापरला पाहिजे. पण दलित ख्रिस्त्यांच्या प्रार्थनासभा उधळणारे लोक अंधश्रद्धेची चिंता करीत नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलिताच्या सवलती गेल्या, जात मात्र गेली नाही. त्याच्या पाठीवर आणखी एक काठी मारायला आमची चिकित्सा वापरू द्यायची नाही. ही आमच्या घरातली चिकित्सा आहे.

मावशीला मी तिचे उत्तर दिले. म्हणालो, “मावशे, त्याला देव बोलला का नाही ते मला कळायचं नाही. पण केडगावच्या त्या बाईला आग दिसली तर ती आधी पाण्याला धावली. ह्यानं तुझी बादली काढून घेतली.”

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हंजे त्यो आपणच बोलला.”

ती अजून रविवारी देवळात जाते. गोळी घेऊन जाते.