फोटोच्या कडेची माणसे

पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी पकडली की पाऊण तासाच्या आत किंग्ज क्रॉसला उतरता येते. तिथून पाच-सात मिनिटे चालले की ब्रिटिश लायब्ररी. इंडिया ऑफिसचा सगळा जुना संग्रह आता तिथे आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा महाराष्ट्र फोटोत पाहायचा असेल तर आपल्या मंडळींना मुंबई-पुण्याला जाण्याची गरज नाही, आणि वाचकाचे कार्डही फुकट मिळते. ही सोय आपल्यातल्या फार थोड्यांनी वापरली असेल.

तिथे मागवून पाहण्यासारखे पहिले पुस्तक म्हणजे विल्यम जॉन्सनचे 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा, आणि हा दुसरा महाराष्ट्राचा. फोटोग्राफीची कला जगापुढे येऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. मुंबई मात्र मागे नव्हती. १८५४ सालीच तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू नारायण दाजी तिच्यातले एक हौशी सभासद होते. जॉन्सन स्वतः आधी सरकारी कारकून, मग फोटोग्राफर.

पुस्तक उघडल्यावर पागोट्यांचे पीळ, नऊवारीचे नेसणे, नाकातले आणि दंडातले दागिने इतके स्पष्ट दिसतात की थक्क व्हायला होते. थोड्या वेळाने मात्र काहीतरी खटकू लागते. माणसे जमिनीवर उभी आहेत असे वाटत नाही. कारण त्यांचे फोटो एका जागी काढले आहेत आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडला आहे. आम्ही संगणकावर आता दोन मिनिटांत करतो ते जॉन्सनने अंधाऱ्या खोलीत मोठ्या मेहनतीने केले होते.

यात लबाडी होती असे नाही, तंत्राची अडचण होती. त्या काळी काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन तो वाळायच्या आत फोटो घ्यावा लागे, आणि कित्येक सेकंद माणसाने हलायचे नाही. पाणी शेंदणारी बाई किंवा मळणीचे बैल टिपायला गेले तर नुसता धुरकट पट्टा उमटायचा. म्हणून काम थांबवून माणसाला कॅमेऱ्यापुढे आणायचे. परिणाम असा की ज्यांचे सगळे आयुष्य कामात गेले, ती माणसे या फोटोंत काहीच करत नाहीत.

पण नावे का नाहीत, याला तंत्राचे कारण देता येणार नाही. फोटोखाली जात लिहिली आहे; माणूस कोण, ते नाही. सरकारच्या 'द पीपल ऑफ इंडिया'त (१८६८ ते १८७५, आठ खंड, ४६८ फोटो) हीच पद्धत आणखी मोठ्या प्रमाणावर दिसते. त्याहून गंमत अजिंठा-वेरूळच्या फोटोंत. रॉबर्ट गिलसारख्यांनी १८६० च्या दशकात लेण्यांचे फोटो घेतले. अशा जुन्या फोटोंत एखाद्या खांबाशी एक माणूस उभा असतो. खांबाची उंची कळावी म्हणून त्याला तिथे उभा करत. आसपासच्या गावचाच कोणीतरी असणार. तो शंभर-दीडशे वर्षे फूटपट्टीचे काम करतो आहे.

गावाचा खरा व्यवहार पाहायचा तर फोटो बाजूला ठेवून त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' (१९१५) उघडावे. आत्रे महसूल खात्यातले. खळ्यावर कोणत्या बलुतेदाराचा हक्क किती, कोण मागतो, कोण देताना कुरकुरतो, हे त्यांनी पाहून लिहिले. त्यांची मते सगळीच पटणारी नाहीत, पण खळे मात्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्याच गावात कॅमेरा घेऊन कोणी वर्षभर राहिले असते तर, असे सारखे वाटत राहते.

स्कॉटलंडमध्ये असे कोणी राहिले होते. मार्गारेट फे शॉ ही पेनसिल्वेनियात जन्मलेली बाई १९२९ साली पश्चिमेकडच्या साउथ युइस्ट बेटावर गेली आणि मारी व पेगी मॅकरे या दोघी बहिणींच्या घरी सहा वर्षे राहिली. गेलिक शिकली, बायकांची गाणी उतरवून घेतली आणि फोटो काढले. दलदलीतला पीट कापून जळणासाठी वाळत घातला आहे, लोकर रंगवायला चुलीवर हंडा चढला आहे, मेंढ्या कातरणे चालले आहे. आपल्या गोवऱ्या थापणाऱ्या आयाबायांना यातले काहीही समजावून सांगावे लागले नसते. ही गाणी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिचा फोटोसंग्रह कॅना बेटावरच्या घरात आहे. ते बेट तिचे पती जॉन लॉर्न कॅम्पबेल यांनी १९८१ साली नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडला देऊन टाकले. बाई २००४ साली वारल्या, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी.

त्या फोटोंत आणि जॉन्सनच्या फोटोंत सत्तर वर्षांचे अंतर आहे, कॅमेराही सुधारला होता. पण मोठा फरक असा की जिच्यापुढे आपण उभे आहोत ती कोण, हे त्या माणसांना ठाऊक होते, आणि तिला यांची नावे. म्हणून सगळे स्कॉटलंड असे होते असेही नाही. सेंट किल्डाच्या लोकांना आगबोटीने येणारे प्रवासी एखादी अजब चीज पाहावी तसे पाहायला येत आणि त्यांचे फोटो काढत. १९३० साली तिथली शेवटची छत्तीस माणसे बेट सोडून गेली.

आपल्याकडे शॉबाईंच्या जवळ जाणारे काम हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी केले. जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या, आणि ओवीबरोबर म्हणणारीचे नाव आणि गावही नोंदले. मुळशी खोऱ्यातल्या ज्या बाईचे नाव रेशनकार्डाबाहेर कुठे लिहिले गेले नसते, ते तिथे आहे.

नाव गाळण्याची खोड साहेबाने हिंदुस्थानात येऊनच लावली असे कोणी समजू नये. मेट्रोपॉलिटन रेल्वे १८८५ साली आली तोपर्यंत आपले पिनर हेही शेतीवर जगणारे खेडेच होते. स्वयंपाकाच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेल्या इझाबेला बीटन तेव्हा इथे हॅच एंडला राहत. १८५८ च्या हिवाळ्यात त्यांनी गावातल्या डझनभर गरीब कुटुंबांसाठी मोठ्या भांड्यात सूप शिजवले. आपल्या पुस्तकात त्यांनी त्याची कृती दिली, एका मापाला किती खर्च आला तेही लिहिले. कुटुंबांची नावे दिली नाहीत.

आणि आपण? आमच्या घरी सातारा जिल्ह्यातल्या गावचा, १९६२ च्या सुमाराचा, बॉक्स कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो आहे. ज्वारीचे खळे. मधोमध तिवडा, शेजारी रास. पुढे घरातून आणलेल्या चार खुर्च्या मांडून आजोबा आणि मंडळी बसली आहेत. खळ्यावर खुर्च्या! कडेला तिघे उभे, एकाच्या हातात उपणायची पाटी. त्यांच्याही मागे, पाठ करून, पदर डोक्यावर घेतलेली एक बाई खराट्याने दाणे लोटते आहे. फोटोच्या मागे आजोबांच्या वळणदार अक्षरात शाईने लिहिले आहे : "खळ्यावर. अण्णा, दादा, आबा, मास्तर व गडी." बाईचा उल्लेखच नाही. जॉन्सनने निदान जात तरी लिहिली असती.

भाचीने मोबाइलवरच्या एका प्रोग्रॅमने तो फोटो रंगीत करून पाठवला. लुगडे आकाशी झाले. लुगड्याचा खरा रंग त्या यंत्राला कळणे शक्यच नाही. त्याने इतर हजारो फोटोंवरून अंदाज बांधला, इतकेच. ते लुगडे पाहिलेली माणसे अजून आहेत, पण ती ऐंशीच्या पुढची आहेत.

म्हणून रविवारी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, हिरवं होतं ते. माझ्याच आईचं जुनं दिलेलं." पाठमोऱ्या बाईला तिने खराटा धरण्यावरून ओळखले. पाटीवाला त्या बाईचाच नवरा. परीक्षेला जाताना त्याने आत्याला बैलगाडीतून एसटीपर्यंत सोडले होते. दुसऱ्याचे नाव थोडे आठवून सांगितले. तिसऱ्यापाशी ती थांबली. "त्याला सगळे 'ए' म्हणूनच हाक मारायचे रे," म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

तीन नावे पेन्सिलने फोटोमागे लिहिली आहेत. तिसऱ्या गड्याची नातवंडे पिंपरीला कारखान्यात आहेत, असे गावातून कळले. डिसेंबरात जाणार आहे, तेव्हा फोटोची मोठी प्रत घेऊन जाईन.