पिट्सबर्गची पाडलेली मैदानं

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराने विसाव्या शतकात आणि एकविसाव्याच्या सुरुवातीला बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलची निदान पाच नावाजलेली मैदानं गमावली. मैदान जुनं झालं, गैरसोयीचं झालं, म्हणून पाडलं, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. त्यातल्या एका मैदानाला ते पुरतं लागू पडतं. ॲलेघेनी नदीकाठचं एक्स्पोझिशन पार्क पुरात बुडायचं. ४ जुलै १९०२ला तर बाहेरच्या मैदानात पाणी असतानाच सामने झाले. बाकीच्यांचा निकाल मात्र इमारतीच्या वयाने लागला नाही. जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि तिच्यावर आणखी कोणाचा डोळा आहे, यावरून तो ठरला.

फोर्ब्ज फील्डचंच पाहा. पायरेट्स संघाचे मालक बार्नी ड्रायफस यांनी १९०९मध्ये ओकलंड भागात हे मैदान उभारलं. लाकडी प्रेक्षागारं आगीत भस्म होण्याच्या त्या काळात त्यांनी पोलाद आणि काँक्रीट वापरलं, ते टिकावं म्हणूनच. १९५८मध्ये मैदान शेजारच्या पिट्सबर्ग विद्यापीठाला विकलं गेलं. विद्यापीठाला विस्तारासाठी जागा हवी होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९६०ला, पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीने शेवटच्या डावात होमरन मारून न्यूयॉर्क यांकीजच्या हातून जगज्जेतेपद हिसकावलं. शहराच्या क्रीडा-इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण घडला, तेव्हा त्या मैदानाचं मरण ठरून गेलेलं होतं. १९७०मध्ये पायरेट्स तिथून हलले. गाड्या लावायला जागा नव्हती, खांबांमुळे खेळ नीट दिसत नव्हता, हे आक्षेप खरेच आहेत. पण बोस्टनचं फेनवे पार्क (१९१२) आणि शिकागोचं रिगली फील्ड (१९१४) याच पिढीतली. तिथेही वस्ती दाट, खांब आडवे येणारे. तरी तिथे आजही सामने होतात. १९२५चं पिट स्टेडियम तर विद्यापीठाचं स्वतःचं होतं. १९९९च्या हंगामानंतर तेही गेलं आणि तिथे बंदिस्त क्रीडागृह आलं.

ग्रीनली फील्डची कथा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगची दारं बंद होती. हिल डिस्ट्रिक्टमधल्या गस ग्रीनली यांनी आपल्या क्रॉफर्ड्स संघासाठी १९३२मध्ये स्वतःचं मैदान बांधलं. पैसा आपल्याकडच्या मटक्यासारख्या आकड्यांच्या जुगारातून आलेला, हे लपवण्याचं कारण नाही. सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांच्यासारखे दिग्गज खेळाडू तिथे खेळले. १९३८मध्ये ते मैदान पाडून त्या जागी सरकारी घरं बांधली. यावर कोणी म्हणेल की १९३७मध्ये पेजसह कितीतरी खेळाडू डोमिनिकन रिपब्लिकला निघून गेले होते, संघ मोडकळीला आला होता आणि गरिबांना घरं हवीच होती. तिन्ही गोष्टी मान्य. घरांची गरज तर मैदानापेक्षा निश्चितच मोठी. पण याच हिल डिस्ट्रिक्टच्या खालच्या भागातून १९५०च्या दशकात सुमारे आठ हजार माणसांना उठवण्यात आलं आणि मोकळ्या केलेल्या जमिनीवर सिव्हिक अरीना हे भव्य क्रीडागृह उभं राहिलं. पहिल्यांदा घरांसाठी मैदान गेलं, दुसऱ्यांदा क्रीडागृहासाठी घरं गेली. दोन्ही वेळा जमीन त्याच वस्तीची, आणि तिचं काय करायचं हे ठरवणारे वस्तीबाहेरचे. म्हणून केवळ गरजेचा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही.

जमीन सार्वजनिक मालकीची असती तर मैदानं वाचली असती, असं मात्र यावरून म्हणता येणार नाही. १९७०चं थ्री रिव्हर्स स्टेडियम सार्वजनिक पैशातूनच झालं होतं. बेसबॉल आणि फुटबॉल दोन्ही एकाच गोलात बसवणारी ही रचना तीस वर्षांत संघांना नकोशी झाली. दोघांना वेगवेगळी मैदानं हवी होती, वेगळ्या उत्पन्नासह. त्यासाठीचा जादा विक्रीकर मतदारांनी नोव्हेंबर १९९७मध्ये नाकारला. तरी पुढच्याच वर्षी, आधीपासून वसूल होत असलेल्या विक्रीकराच्या निधीतून पैशाची सोय झाली. ११ फेब्रुवारी २००१ला स्फोटकं लावून थ्री रिव्हर्स पाडण्यात आलं, तेव्हा ते बांधण्यासाठी काढलेलं कर्ज पुरतं फिटलेलं नव्हतं.