आयरिस : गुणसूत्रसंख्या व संकरांची फलनक्षमता

आयरिस प्रजातीत (कुल – आयरिडेसी) सुमारे ३०० जाती आहेत. त्यांपैकी दोहोंचा संकर होईल का आणि झालाच तर तो स्वतः बी धरील का, हे दोन वेगळे प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर जातींच्या आप्तसंबंधांवर व भ्रूणाच्या पोषणावर ठरते. बीजातील पुष्क नीट न बनल्यास भ्रूण काढून पोषक माध्यमात वाढवावा लागतो. दुसऱ्याचे उत्तर अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो की नाही, यावर ठरते. नुसते आकडे जुळणे पुरेसे नाही. चीनमधील सायबेरियन गट (गुणसूत्रे ४०) व अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील गट (४०) यांचे संकर फुलतात, पण बहुधा वंध्य असतात; उलट लुइझियानातील फुल्वा (४२) व ब्रेव्हिकॉलिस (४४) यांचे सुफल संकर निसर्गातही आढळतात.

उंच दाढीदार : बाहेरच्या परिदलांवर केसांचा पट्टा असलेला हा गट. एकोणिसाव्या शतकातील बागांमधील प्रकार पॅलिडा व व्हेरिएगाटा (प्रत्येकी २४) यांपासून आले. केंब्रिजचे शरीरक्रियावैज्ञानिक मायकल फॉस्टर यांनी पश्चिम आशियातील मोठ्या फुलांच्या जाती मिळवून संकरणात आणल्या; त्या चतुर्गुणित (४८) होत्या. २४ व ४८ यांच्या संकरातून ३६ गुणसूत्रांची, जवळजवळ वंध्य झाडे मिळतात. मात्र द्विगुणित पालकाचे युग्मक कधीकधी संख्या निम्मी न होताच तयार होते व सुफल चतुर्गुणित जन्मतो. आजचे बहुतेक सर्व उंच प्रकार ४८ गुणसूत्रांचे आहेत. आर्थर ब्लिस यांचा ‘डोमिनियन’ (१९१७) हा या संक्रमणातील प्रमुख पूर्वज.

ठेंगणे दाढीदार : आयरिस संकरणातील सर्वांत मोलाचे काम या गटात झाले. पुमिला (३२) ही वीतभरही न वाढणारी जात. ती १६ गुणसूत्रांच्या दोन जातींच्या संकरातून उद्भवली असावी, असे एल. एफ. रँडॉल्फ व जे. मित्रा यांचे मत आहे (१९५९). उंच आयरिसाशी तिचा संकर केल्यास एकीकडून २४ (१२+१२) व दुसरीकडून १६ (८+८) येऊन ४० होतात. बाराचा संच बाराशी, आठचा आठशी जुळतो. एकही गुणसूत्र एकटे उरत नाही. त्यामुळे इतक्या दूरच्या पालकांचा संकर पहिल्याच पिढीत सुफल निघतो आणि आपसांत संकर केल्यावरही ४० हा आकडा टिकतो. पुमिला उंच आयरिसांच्या बरीच आधी फुलते. ही अडचण इंडियानातील पॉल कुक व टेनेसीतील गेडेस डग्लस यांनी परागांची देवाणघेवाण करून सोडवली. कुक यांचे ‘ग्रीन स्पॉट’, ‘बरिया’ व ‘फेअरी फ्लॅक्स’ (१९५१) हे या वर्गाचे आद्य प्रकार.

मध्यम दाढीदार : ४० गुणसूत्रांच्या ठेंगण्यांचा उंचांशी संकर केला की ४४ होतात : बाराचे तीन संच व आठचा एक. तिसऱ्या बारांना व आठांना धड जोडीदार नसतो. झाड जोमदार, बहर भरपूर, बी मात्र क्वचित. जर्मॅनिका (४४) या नावाने शतकानुशतके लावली जाणारी झाडे अशाच घडणीची असावीत. त्यांच्या पालकांविषयी मतभेद आहेत. आल्बिकॅन्स (४४) बी धरत नाही. मुस्लिम कबरस्तानांत लावलेल्या मूलक्षोडांवाटेच ती दूरवर पसरली. काश्मीरमधील कबरींवर लावल्या जाणाऱ्या काश्मिरियानासाठी ४४ व ४८ असे दोन्ही आकडे दिलेले आढळतात.

ऑन्कोसायक्लस संकर : पश्चिम आशियातील या गटात २० गुणसूत्रे असतात. उंच दाढीदारांशी होणारे पहिले संकर बहुतांशी वंध्य. गेटसाय जातीपासून झालेला ‘विल्यम मोर’ हा प्रसिद्ध. पुढे २०+२४ अशा संतुलित घडणीचे, ४४ गुणसूत्रांचे सुफल प्रकार मिळाले. येथेही ४४ हाच आकडा आहे, पण मध्यम गटात तो वंध्यत्व आणतो आणि येथे फलनक्षमता.

कृत्रिम द्विगुणन : कोल्चिसिनाने संख्या दुप्पट केली की प्रत्येक गुणसूत्राला हुबेहूब जोडीदार मिळतो. न्यूयॉर्कचे वैद्य करियर मॅक्यूएन यांनी २८ गुणसूत्रांच्या सायबेरियन आयरिसांपासून ५६ गुणसूत्रांचे प्रकार मिळवले (‘ऑर्व्हिल फे’, १९७०). बर्लिनचे टोमास टाम्बेर्क यांनी हाच उपाय वंध्य आंतरजातीय संकरांवर केला.

एन्साटा (२४) × स्यूडाकोरस (३४) : संकर २९ गुणसूत्रांचे; वंध्य. जपानमध्ये विकसित.

डच आयरिस : कंदयुक्त, मुख्य पूर्वज झिफियम (३४).