थोड्या दिवसांची सुवार्ताफेरी : तिनें काय साधावें?

महोत्सवाच्या वर्षी मागें वळून पाहण्याचा परिपाठ आहे. परंतु मागें पाहावयाचें तें पुढील पाऊल नीट पडावें म्हणूनच. यंदा आमच्या धर्मग्रामांतील तरुण मंडळीनें घाटावरील दूरच्या खेड्यांत आठ दिवसांची सुवार्ताफेरी काढण्याचें योजिलें आहे. बेत ऐकून आम्हांस संतोष झाला आणि थोडी काळजीही वाटली. कारण आठ दिवसांत शाळा काढूं, व्यसनें सोडवूं, दुरावलेलीं सर्व कुटुंबें परत आणूं, अशीं बोलणीं कानीं आलीं. उत्साह चांगला, पण आठ दिवस ते आठच दिवस. तेव्हां एवढ्या वेळांत काय साधेल, याविषयीं इतिहास काय सांगतो तें पाहूं.

पहिला दाखला शुभवर्तमानांतच आहे. प्रभूनें बहात्तर शिष्य दोघे दोघे करून पाठविल्याचें संत लूकनें दहाव्या अध्यायांत लिहिलें आहे. ज्या गांवीं प्रभु स्वतः जाणार होता, त्या गांवीं त्यांनीं आधीं जावयाचें. एकाच घरीं उतरावयाचें, पुढें येईल तें खावयाचें, आजाऱ्यांस बरें करावयाचें आणि देवाचें राज्य जवळ आल्याचें सांगावयाचें, एवढेंच त्यांचें काम. सारें गांव जिंकून या, असें त्यांस सांगितलेलें नव्हतें. जेथें स्वीकार होणार नाहीं तेथून पायांची धूळ झाडून निघावें, असेंही सांगणें होतें; म्हणजे अपयशाचा हिशेबही आधींच धरलेला होता. भुतेंसुद्धां आपणांस वश होतात म्हणून ते हर्षानें परतले, तेव्हां त्या पराक्रमापेक्षां आपलीं नांवें स्वर्गांत लिहिलीं आहेत यांत आनंद मानण्यास प्रभूनें त्यांस शिकविलें.

दुसरा दाखला आमच्या वऱ्हाडाशीं नातें असलेला आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स 1594 सालीं आपल्या चुलतभावासह शाब्ले प्रांतांत गेले. ऐकावयास मोजकींच माणसें येत. तेव्हां त्यांनीं उपदेश कागदावर उतरवून तीं पत्रकें लोकांच्या दारांखालून आंत सरकविलीं. 1598 सालापर्यंत त्या प्रांताचा मोठा भाग पवित्र सभेंत परत आला. पहिल्या हिवाळ्याचाच जमाखर्च कोणी मांडला असता, तर फेरी फुकट गेली असेंच म्हटलें असतें.

याच संतांच्या नांवानें फादर पीटर मर्मिए यांनीं 1838 सालीं सॅव्हॉय प्रांतांत मिशनरी संघ स्थापिला. त्याआधींपासून ते तेथील धर्मग्रामांत फिरून उपदेश व पापनिवेदन यांचीं मिशनें चालवीत. मिशन संपलें कीं मंडळी पुढील गांवीं जाई. पण गांवचा धर्मगुरू मागें राही, आणि पेटलेला दिवा जपणें त्याच्याकडे असे. याच संघाचे चार धर्मगुरू व दोन बंधू 1845 सालीं हिंदुस्थानांत आले. पुढें 1887 सालीं नागपूर धर्मप्रांत झाला, आणि 1955 सालीं त्यांतून अमरावती धर्मप्रांत निघाला. बुलढाणा जिल्हा आज त्यांतच आहे.

आतां आमच्या जिल्ह्याकडे पाहूं. मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं पायनघाटांतलीं गांवें आगगाडीच्या वाटेवर आलीं. 1870 सालीं जलंबहून खामगांवचा फांटाही झाला. परंतु बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. तिकडे बैलगाडी नाहीं तर पाय. पावसाळ्यांत काळी जमीन चाकें धरून ठेवी. अशा मुलखांत धर्मगुरूची भेट विरळच व्हावयाची. तो गेल्यावर मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणारा माणूस खेड्यांतच राहणारा लागे. 1899-1900 च्या दुष्काळानेंही हाच धडा दिला. भुकेल्यास भाकर एका दिवसांत देतां येते. अनाथ मूल वाढवावयास मात्र वर्षें लागतात.

यावरून आमच्या तरुण बंधुभगिनींस चार गोष्टी सुचवाव्या असें वाटतें. पहिली, धर्मगुरूंनीं दिलेल्या यादींतील प्रत्येक कॅथलिक घरीं एकदां तरी बसून यावें, बोलण्यापेक्षां अधिक ऐकावें, आणि आजारी व वृद्ध यांचीं नांवें लिहून आणावीं, म्हणजे त्यांस संस्कार पोंचवितां येतील. दुसरी, मुलांस मोजक्याच प्रार्थना शिकवाव्या, पण गांवांतील एखादी बाई किंवा बुवा त्या पुढें म्हणवून घेईल अशी तजवीज करावी. तसें कोणी न मिळाल्यास तेंही प्रांजळपणें सांगावें. तिसरी, पैसा, नोकरी, शाळेंतील जागा, यांपैकीं कशाचेंही वचन देऊं नये. दिलेलें वचन मोडलें तर पुढच्या फेरीस दार उघडणार नाहीं, आणि तें बंद होण्यास आम्हीच कारण होऊं. चौथी, वेचणीच्या दिवसांत बायामाणसें दिवसभर कपाशींत असतात. तेव्हां दुपारीं सभा भरवून माणसें आलीं नाहींत म्हणून रुसूं नये. रात्रीं जेवणें उरकल्यावर अंगणांत बसावें.

जातांना घरांत एखादा कागदही ठेवावा. फादर हेन्री डोरिंग यांनीं 1903 सालीं तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत ‘निरोप्या’ मासिक सुरू केलें. छापील शब्द धर्मगुरू निघून गेल्यावरही घरांत राहतो, शाब्लेंतील त्या पत्रकांसारखाच.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कामास मिशन कसलें? आम्ही म्हणतों, परत आल्यावर एकच प्रश्न विचारावा: पुढें कोण जाणार, आणि कोणत्या महिन्यांत? त्याचें उत्तर असेल तर फेरी साधली. संत पौल लावणी करून पुढें गेला, अपोल्लोनें पाणी घातलें, वाढविणारा देव. आमच्या वांट्यास आठ दिवसांचें पाणी आलें आहे. तेवढें नीट घालूं या.